साळवे काकांचा डावा खिसा

मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की माझी आई ‘एक्स्पोर्टमध्ये आहे’ एवढं सांगून विषय बदलायची. तिचा तरी काय दोष? नवंकोरं चामड्याचं जॅकेट घ्यायचं, ते घासायचं, चुरगाळायचं, त्याला माती फासायची आणि पंधरा वर्षं वापरल्यासारखं करून सिनेमावाल्यांना परत द्यायचं, हा धंदा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना समजावणं सोपं नाही. एकदा तिने प्रयत्न केला होता. सगळं ऐकून एका बाईंनी कळवळून विचारलं, “मग चांगली नोकरी नाही का मिळाली कुठे?”

चांगली नोकरी होती की. दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मी चामड्याची जॅकेटं तपासत होते. सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसायचं, दिवसभर ट्यूबलाइटखाली उभं राहायचं आणि परदेशी जाणाऱ्या प्रत्येक जॅकेटवर बोट फिरवून ओरखडा शोधायचा. सापडला की माल बाद. कारागीर माझ्या पाठीमागे मला ‘नजर मॅडम’ म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

एके दिवशी एक बाई हा बाद माल बघायला आल्या. सिनेमाच्या कपड्यांचं काम करायच्या. मी आपली त्यातल्या त्यात बरी जॅकेटं निवडून समोर ठेवली, तर त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या, “इससे ज़्यादा ख़राब नहीं है?” बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे कमी दर्जाचा माल मागत होतं. मला राग यायला हवा होता, पण झालं उलटंच. मी म्हणाले, दोन दिवस द्या, हवं तेवढं खराब करून देते. इतकी वर्षं ओरखडे शोधून ते कुठे पडतात आणि कसे पडतात हे मला पाठ झालं होतं. पुढे कारखान्याने गाशा गुंडाळला, तेव्हा तिथले जुने कटिंगमास्तर इरफानभाई आणि मी, दोघांनी गुडगावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि जन्मभर जे बाद केलं तेच बनवायला बसलो.

यातली विद्या काय ते थोडक्यात सांगते. नव्या जॅकेटवर रंगाचा पातळ, चकचकीत थर असतो. तो आधी थिनरने पुसून काढायचा. मग बारीक सँडपेपर घेऊन मनगट, कोपर, कॉलरची घडी, खिशाचं तोंड, चेनची कड एवढंच घासायचं, कारण माणसाचा हात आणि जग तिथेच लागतं. नवशिके पाठीच्या मधोमध घासतात. पाठीला मधोमध काय लागणार, माणूस म्हैस आहे का झाडाला अंग घासायला? त्यानंतर जॅकेट ओलं करून कुणाच्या तरी अंगात चढवायचं आणि वाळेपर्यंत उतरवू द्यायचं नाही. त्याशिवाय कोपराला खऱ्या सुरकुत्या पडत नाहीत. हे काम इरफानभाईंकडे. मे महिन्यात ओलं चामडं घालून पंख्याखाली बसलेले इरफानभाई हीरोच्या सात पिढ्यांना आठवत असतात. मग खिशात दगड भरून जॅकेट दोन दिवस टांगायचं म्हणजे खिसे लोंबतात. शिवणीत काळं बूटपॉलिश, कॉलरला मानेच्या घामाची चमक यावी म्हणून ग्लिसरीन, आणि सगळ्यात शेवटी मुलतानी माती.

हे सगळं एका जॅकेटवर करून भागत नाही. एक हीरोला, एक त्याच्या जागी उड्या मारणाऱ्याला आणि एक राखीव, अशी तीन लागतात, आणि तिन्हींवर ओरखडा त्याच जागी आणि तेवढ्याच लांबीचा लागतो. नाहीतर हीरो खिडकीतून उडी मारतो आणि खाली पोचेपर्यंत त्याच्या खांद्यावरचा डाग नाहीसा झालेला असतो.

काम घेण्याआधी मी दिग्दर्शकाला प्रश्न विचारते. हा माणूस गाडी चालवतो का? पिशवी कुठल्या खांद्याला अडकवतो? उजव्या हाताचा की डावखुरा? बोलताना हात खिशात घालतो का? झीज खोटी असली तरी ती कुणाची आहे हे ठरलेलं हवं, एवढाच माझा नियम आहे. एक तरुण दिग्दर्शक हैराण होऊन म्हणाला होता, “मॅडम, इतना तो मैंने स्क्रिप्ट लिखते वक़्त नहीं सोचा।” तो सिनेमा पडला, याचं मला नवल वाटलं नाही.

सिनेमावाल्यांखेरीज हौशी गिऱ्हाइकंही येतात. गुडगावातल्याच एका ऑफिसातले साहेब नवीन जॅकेट घेऊन आले होते. मोटारसायकलवाल्यांच्या कुठल्या तरी क्लबात त्यांना जायचं होतं आणि नवं जॅकेट घालून जायची लाज वाटत होती. जाताना दारात थांबून हळूच म्हणाले, “थोड़ी लद्दाख़ की मिट्टी भी लगा दीजिएगा।” लडाखची माती मी कुठून आणणार? शेजारी प्लॉटवर बांधकाम चाललं होतं, तिथली चाळून घेतली. साहेबांनी जॅकेट नाकाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “वही ख़ुशबू।” ते कधी लडाखला गेले नव्हते आणि मीही गेले नव्हते, त्यामुळे वादाला जागा नव्हती.

माझ्या आईनेही एकदा या धंद्याला हातभार लावला. एका मालिकेची तीन जॅकेटं घरच्या बाल्कनीत वाळत टाकून मी सरोजिनी नगरच्या बाजारात चेनी शोधायला गेले होते. परत येऊन बघते तर दोन जॅकेटं आरशासारखी चकाकत होती. आईने त्यांना आधी ओल्या फडक्याने पुसलं, मग खोबरेल तेल चोळलं आणि वर पॉलिश मारलं. तिसरं तेवढं हात दुखले म्हणून राहिलं होतं. “इतकी कळकट ठेवू नयेत गं लोकांची जॅकेटं,” ती म्हणाली. पुन्हा सगळं करायला दोन दिवस लागले आणि तेवढ्यात त्या मालिकेवाल्यांनी मारामारी पुढे ढकलून लग्न उरकून घेतलं. आईवर मी फार ओरडले. आज वाटतं, ओरडायला नको होतं. माझ्या कामाला तिने आपणहून हात लावला तो तेवढा एकदाच.

आता साळवे काका. सगळ्यांत मोठी चूक मी त्यांच्याच कामात केली, म्हणून त्यांचं जरा सविस्तर सांगते.

साळवे काका आणि काकू म्हणजे सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधले आमचे तेव्हाचे शेजारी. दोघंही नगरकडचे, ख्रिस्ती. नाताळात त्यांच्याकडून करंज्या यायच्या आणि दिवाळीत आमच्याकडून जायच्या. काका मंत्रालयात क्लार्क होते, काकू हिंदूरावच्या इस्पितळात नर्स. काकांकडे एक मोटारसायकल होती आणि एक गोष्ट होती. लग्नाच्या थोडं आधी काका मोटारसायकलवरून रिजवरच्या, म्हणजे दिल्लीतल्या टेकडीवरच्या, रस्त्याने चालले असताना तिथे सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. हीरोला मोटारसायकल येत नव्हती. काकांची उंची बघून त्या लोकांनी त्यांना थांबवलं, हीरोचं तपकिरी जॅकेट त्यांच्या अंगात घातलं आणि पाठमोरं चालवलं. सिनेमात मोटारसायकलवर बसून निघून जाणारा तो पाठमोरा माणूस म्हणजे हीरो नव्हे, आपण, असं काका सांगायचे.

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की शूटिंगला मीही होते असं मला वाटतं. आणि ती संपली रे संपली की स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज ठरलेला, “मी रोज त्याच रस्त्याने ड्यूटीला जायचे. मला शूटिंगचं कुत्रंसुद्धा दिसलं नाही.” सगळे हसायचे. काकाही हसायचे, पण जरा उशिरा.

गेल्या हिवाळ्यात काका गाझियाबादहून मेट्रो बदलत बदलत माझ्याकडे आले. हातातल्या पिशवीत नवं तपकिरी जॅकेट.

“वंदना, मला सत्तर पूर्ण होताहेत,” ते म्हणाले. “पोराने घरी कार्यक्रम ठेवलाय. टीव्हीवर तो सीन लावायचा आणि मी शेजारी हे जॅकेट घालून पाठमोरा उभा राहणार. अगदी तसंच दिसलं पाहिजे बघ.”

“काका, आता कोण विचारतंय त्या सीनला?”

“कुणी नाही विचारत. पण बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. एकदा, फक्त एकदा रूथने म्हणावं की हो, तुम्हीच. बाकी मला काही नको.”

त्यांचा चेहरा बघून मी पुढची थट्टा गिळली. सीनची एक छोटी क्लिप त्यांनी इंटरनेटवरून शोधून आणली होती. बारा सेकंदांची. तपकिरी जॅकेटवाला पाठमोरा माणूस एक हात खिशात घालून चालत जातो, मोटारसायकलवर बसतो आणि जातो. चेहरा कुठेच दिसत नाही.

खरं सांगते, माझाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. पण काम ते काम. दोन दिवस मी ती क्लिप पुन्हा पुन्हा थांबवून जॅकेटचा नकाशा काढत होते. कॉलर इथे दुमडली आहे, पाठीवर पट्ट्याचा वण आहे, असं. तिसऱ्या दिवशी खिशाकडे लक्ष गेलं आणि माझा हात थांबला. त्या माणसाने डावा हात खिशात घातला होता. डावाच खिसा लोंबत होता, त्याचंच तोंड झिजून पांढरं पडलं होतं, आणि डावंच मनगट काळवंडलं होतं. झीज हीरोची असेल, पण हात तर चालणाऱ्याचा होता. साळवे काका डावखुरे आहेत. डाव्या हाताने जेवतात म्हणून माझी आजी त्यांना पंगतीत शेवटी बसवायची.

“इरफ़ानभाई,” मी हाक मारली, “ये तो सचमुच हमारे काका हैं।”

इरफानभाईंनी चष्मा लावून पाहिलं. “खब्बू तो है,” ते म्हणाले. डावखुरा तर आहेच.

मला राहवेना. मी थेट काकूंना फोन लावला. म्हटलं, “काकू, आता माघार घ्या. पुरावा सापडलाय. तीस-पस्तीस वर्षं चामडं बघणारी बाई सांगतेय.”

काकू म्हणाल्या, “बघू.”

त्या जॅकेटवर मी जीव ओतला. डाव्या खिशात चांगले वजनदार दगड भरले, त्याचं तोंड तीन प्रकारच्या सँडपेपरने घासलं, एक कोपरा किंचित उसवला. ओलं जॅकेट घालून बसायचं काम या वेळी काकांनी स्वतः हट्टाने घेतलं. जानेवारीच्या थंडीत, समोर हीटर, मागे हीटर, मधे वाफाळणारे काका, आणि तोंडाने शूटिंगची गोष्ट. इरफानभाई पहिल्यांदाच कोरड्या कपड्यांत बसून ती ऐकत होते आणि फार खूश होते.

कार्यक्रमाला वीस-पंचवीस माणसं होती. केक कापून झाला. काकांच्या मुलाने मोठ्या टीव्हीवर अख्खा सिनेमा लावला आणि पुढे पळवत पळवत सीनपाशी आणला. काका टीव्हीला खेटून, आमच्याकडे पाठ करून, ताठ उभे राहिले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी माझ्या कामाकडे अभिमानाने बघितलं आणि मग टीव्हीकडे बघितलं.

टीव्हीतल्या माणसाने उजवा हात खिशात घातला होता.

आधी वाटलं, मलाच चक्कर येतेय. मग त्याने मोटारसायकल सुरू केली, समोरून एक बस आली आणि दोघं आपापल्या डाव्या बाजूने नीट निघून गेले. मी टेबलाखाली फोन काढून क्लिप लावली. क्लिपमध्ये मोटारसायकल रस्त्याच्या उजवीकडून चालली होती. चोरून क्लिपा टाकणारे लोक पकडले जाऊ नयेत म्हणून चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं करून टाकतात, हे मला माझ्या मुलीने नंतर सांगितलं. बारा सेकंद अख्खी दिल्ली उलट्या बाजूने गाड्या हाकत होती, आणि शंभरदा बघूनही मला रस्ता दिसला नाही. मी फक्त खिसा बघत होते. कारखान्यात असते तर मीच मला बाद केलं असतं.

मी मान वर केली तेव्हा काकू एकदा टीव्हीकडे आणि एकदा काकांच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांची नजर डाव्या खिशावर थांबली, मग टीव्हीवर गेली आणि परत आली. आता त्या म्हणणार आणि सगळे हसणार. ज्या एका गोष्टीसाठी काकांनी हा घाट घातला, ती माझ्याच हाताने मातीत जाणार होती.

“आई, बोल आता,” मुलगा म्हणाला.

काकूंनी चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. “तुम्हीच आहात,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं.”

टाळ्या पडल्या. काका वळले. मला वाटलं होतं ते आता नाचतील. पण ते नुसतं “बरं” म्हणाले आणि कुणीतरी हातात दिलेली केकची बशी घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले. मी कुणालाही न भेटता सटकले, त्याची मला अजून लाज वाटते.

चार दिवसांनी सकाळी काका पुन्हा माझ्या दारात. हातात तीच पिशवी. इरफानभाई सामान आणायला गेले होते आणि माझे दोन्ही हात पॉलिशने काळे होते.

“उजवा खिसा झिजवून दे,” काका म्हणाले.

“काका, माझी चूक झाली. ती क्लिप उलटी होती.”

“तुझी कसली चूक? तो मी नाहीच.” ते स्टुलावर टेकले. “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लग्नाला महिना झाला नव्हता. रूथला ऐटीत थिएटरात घेऊन गेलो. माझा शॉट आलाच नाही, कापला होता. दुसराच कुणीतरी पाठमोरा चालत गेला. ही म्हणाली, कुठे आहात तुम्ही? मी म्हटलं, हा काय. तोंडातून निघून गेलं ते गेलं.”

“मग हे जॅकेट कशाला केलंत?”

“ती हो म्हणाली की बरं वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. टीव्हीकडे तोंड करून उभा होतो गं, मलाच सगळ्यांत जवळून दिसलं. आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला जॅकेट काढून दाखवते. आज ना उद्या खिशाकडे लक्ष जाईलच. बिचारीने पहिल्यांदा विश्वास ठेवलाय.”

मी काही बोलायच्या आत माझा फोन वाजला. काळ्या हाताने धरवेना म्हणून मी कोपराने दाबला आणि तो स्पीकरवर गेला.

“वंदना, काकू बोलतेय. हे बँकेत गेलेत, तेवढ्यात सांगते.”

“काकू, जरा थांबा, इथे...”

“आधी ऐक. ते जॅकेट काहीतरी निमित्त काढून मी तुझ्याकडे पाठवते. डावा खिसा भरून काढ आणि उजवा झिजव. त्यांना कळू द्यायचं नाही. तो त्यांचा शॉट नाही गं. बेचाळीस वर्षं या माणसाचे डावे खिसे शिवतेय मी, मला नाही कळणार? इतकी वर्षं आपली चिडवत होते. खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पक्कं कळलं, आणि नेमके तेव्हा हे इतके ताठ उभे होते की माझ्याच्याने नाही म्हणवेना. आता त्यांच्या लक्षात आलं तर त्यांना फार लागेल.”

काका फोनकडे बघत होते. झिजवता येतं पण झिजलेलं भरून काढता येत नाही, हे मी काकूंना सांगणार होते, पण ते राहिलंच.

काकांनी स्टूल पुढे सरकवलं. “रूथ,” ते म्हणाले, “मी बँकेत नाही. इथेच आहे.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“माझा शॉट कापला होता,” काका म्हणाले. “तो सिनेमात नाहीच. मी तुला दुसऱ्याच माणसाकडे बोट दाखवलं.”

“कापला?”

“हो.”

“म्हणजे घेतला होता,” काकू म्हणाल्या.

“घेतला होता गं. तीनदा घेतला. दोनदा माझी गाडीच सुरू होईना.”

काकू म्हणाल्या, “हे कधी बोलला नाहीत तुम्ही. गाडी सुरू झाली नाही ते.”

“काय सांगायचं त्यात?”

“तेच सांगायचं होतं.” पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. “बरं, मी गॅस बंद केलाय. कुठे उभं केलं होतं तुम्हाला? पहिल्यापासून सांगा.”

काका माझ्याकडे बघून एकदा हसले, या वेळी उशीर न करता. मी कोपरानेच फोन त्यांच्यापुढे सरकवला आणि हात धुवायला आत गेले.